पाचव्या राक्षसिणीचा चेहरा

धाकट्या बहिणीकडचं आमंत्रण आधी फोनवर आलं, मग छापील आलं, आणि शेवटी मेहुणे स्वतः गाडी घेऊन आले आणि हळदकुंकू लावलेली पत्रिका हातात देऊन गेले. त्यांचा बंगला सोलापुरात होटगी रोडला, माझ्या दोन खोल्या बंद पडलेल्या गिरणीच्या मागच्या बाजूला. रिक्षाने वीस मिनिटं लागतात. एवढ्या अंतरावरच्या सख्ख्या बहिणीला तीनदा बोलावलं जातं, तेव्हा कार्यक्रम घरचा राहिलेला नसतो. पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत ‘दुर्मिळ सचित्र हस्तलिखिताचा दर्शन सोहळा’ असं होतं. खाली प्रमुख पाहुण्यांच्या नावांआधी इतकी विशेषणं होती की नावं दुसऱ्या ओळीवर ढकलली गेली होती.

त्या दुर्मिळ सचित्र हस्तलिखिताला आमच्या घरी ‘चित्राचं पान’ म्हणत. मूळची पोथी पणजोबांच्या वेळची. तिला वाळवी लागली तेव्हा आजोबांनी रीतीप्रमाणे ती तळ्यात सोडली, पण त्याआधी एक पान काढून घेतलं. का, तर त्यावर मारुती होता आणि मारुतीला बुडवायला त्यांचा हात धजेना. तेवढं पान अण्णांकडे, म्हणजे आमच्या वडलांकडे आलं. अण्णांनंतर आईकडे, आणि आईने ते धाकटीला दिलं. मला दिलं नाही. हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षं मनात निरनिराळ्या प्रकारे लिहून पाहिलं आहे. त्याचा अर्थ दर वेळी तोच निघतो.

तेव्हा हेव्याचं आधीच सांगून टाकते. मला हेवा वाटतो. बहिणीच्या बंगल्याचा नाही, मेहुण्यांच्या फरशीच्या धंद्याचा नाही, तिची दोन्ही मुलं तिला रोज फोन करतात याचाही फारसा नाही. त्या पानाचा वाटतो. आणि त्यात एक गुंता आहे. त्या पानावर पाच राक्षसिणी आहेत, पाचवीला चेहरा नाही, आणि तो चेहरा मी पुसलेला आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. आता पान पुण्याच्या एका संग्रहालयात डागडुजीला आणि मग कायमचं प्रदर्शनाला जाणार होतं. ते जाण्याआधी बहिणीला सांगायचं, असं मी ठरवलं. तिला वाईट वाटावं म्हणून की मला बरं वाटावं म्हणून, ते ठरवलं नव्हतं.

पान आडवं आहे, हातभर लांब आणि वीतभर उंच. वर तीन ओळी काळ्या शाईतल्या, मधले विरामाचे दंड लाल. खाली चित्र. एका कडेला झाड आहे आणि त्याची पानं पाढे म्हटल्यासारखी एका मापाची काढली आहेत. झाडाखाली सीता बसली आहे, गुडघ्यावर हनुवटी टेकून. फांदीवर मारुती, खारीएवढा, हातात अंगठी धरून. आणि समोर पाच राक्षसिणी. तिघींच्या हातांत भाले आहेत, चौथीच्या हातात चक्क कांडपाचं मुसळ आहे. पाचवी मात्र सीतेच्या शेजारी बसून, तिच्या पायावर हात ठेवून काहीतरी सांगते आहे. राक्षसिणींतली ती एकटी भली. पाचींची लुगडी नऊवारी, काठ पिवळे. चित्रकाराने लंका पाहिली नसावी, पण आपल्या गावच्या बायका नीट पाहिल्या होत्या.

आमच्या घरात या पानाचा एक शिरस्ता होता. श्रावणातल्या शनिवारी अण्णा गिरणीतून आले की हातपाय धुऊन पान बाहेर काढायचे. पाटावर फडकं, फडक्यावर पान, शेजारी वाटीत पाणी. आधी तीन ओळी वाचायच्या, मग गोष्ट सांगायची, आणि गोष्ट संपली की घरातल्या पोरांनी अंगठा ओला करून दुष्ट राक्षसिणींच्या तोंडावर एकेकदा फिरवायचा. हे आजोबांच्या आधीपासून चालत आलेलं. त्यामुळे चौघींच्या चेहऱ्यांच्या जागी आमच्या लहानपणीच नुसते मातकट डाग उरले होते, पण शिरस्ता म्हणजे शिरस्ता. मंद्रूपहून मावशी आलेली असली तर तीही अंगठा फिरवून घ्यायची, आणि मुसळवालीवर दोनदा. पाचवीला मात्र हात लावायचा नाही. तिला फूल वाहायचं. इतक्या पिढ्यांच्या अंगठ्यांतून तिचा एकटीचा चेहरा वाचला होता.

अण्णा गिरणीत नक्षी काढायचे. चादरीवर जी नक्षी विणायची ती आधी चौकटींच्या कागदावर रंगवावी लागते. एक घर म्हणजे एक धागा. त्या घरांवरून पुठ्ठ्याला भोकं पाडतात, आणि त्या भोकांवरून माग चालतो. त्यामुळे अण्णांना कुठलाही चेहरा दिसला की तो किती घरांत बसेल हे त्यांच्या डोक्यात सुरू व्हायचं. पाचवीच्या चेहऱ्यावर त्यांचा जीव होता. ते धाकटीला मांडीवर घ्यायचे, पानाकडे बोट करायचे आणि म्हणायचे, “ही बघ. अगदी आपल्याकडची आहे की नाही? हनुवटी बघ.” धाकटी हसायची. मी नऊ वर्षांची, ती सहाची. मला मांडी नव्हती, आता मोठी झालीस म्हणून. आणि हनुवटीही नव्हती.

श्रावणातच एका सकाळी नळाला पाणी आलं. सोलापुरात नळाला पाणी येतं तेव्हा घरात दुसरं कोणी नसतं, सगळे पाण्याशी असतात. आई हंडे भरत होती, धाकटी तिच्या पदराला धरून होती. मी कपाटातून पान काढलं. वाटी आणायला गेले असते तर आईने विचारलं असतं, म्हणून अंगठा जिभेवरच ओला केला. पहिल्यांदा गालाचा रंग सुटला. मग नाक गेलं. डोळे काळ्या शाईचे होते, ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, म्हणून त्यांच्यावर जास्त जोर लावला. अंगठ्याला गुलाबी माती लागली ती फ्रॉकच्या आतल्या बाजूला पुसली. पान जागेवर ठेवलं आणि जाऊन आईला कळशी उचलू लागले. आई म्हणाली, “आज शहाणपण सुचलं म्हणायचं.”

शनिवारी अण्णांनी पान काढलं, थोडा वेळ बघितलं आणि परत फडक्यात गुंडाळलं.

“आता कुणी अंगठा लावायचा नाही,” ते म्हणाले. “दमट हवेने रंग सुटायला लागलाय.”

सोलापुरात, दमट हवेने. मला ते खरं वाटलं. नऊ वर्षांच्या मुलीला स्वतःला सोडवणारी कुठलीही गोष्ट खरी वाटते. मोठेपणी भूगोल कळला, तेव्हा अण्णा राहिले नव्हते.

आईने वाटणी केली ती अशी. धाकटीला पान, मला अण्णांची ट्रंक. ट्रंकेत पुस्तकं, वह्या, चौकटींच्या कागदांच्या गुंडाळ्या. “तू वाचतेस, तुला वाचायचं. तिला बघायचं,” आई म्हणाली. तोवर मी ग्रंथालयात नोकरीला लागले होते आणि वाचणारीला चित्र लागत नाही अशी आईची समजूत पक्की झाली होती. मी हो म्हटलं. हो म्हणण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पुढची वीस वर्षं धाकटीने ते पान पैठण्यांच्या खाली, डांबरगोळ्यांसोबत ठेवलं. याचा मला सगळ्यांत जास्त राग यायचा. तिने ते रोज काढून पूजलं असतं तर मी तिला क्षमा केली असती. तिला ते आठवतही नव्हतं, आणि ते तिचं होतं.

मग बंगल्याचं नूतनीकरण झालं, कपाटं रिकामी झाली, कुणाच्या तरी ओळखीने पुण्याच्या एक अभ्यासक बाई येऊन पान बघून गेल्या, आणि पैठण्यांखालचा कागद वारसा झाला.

सोहळा रविवारी सकाळी अकराला होता. फाटकावर फ्लेक्स. फ्लेक्सवर मेहुणे हात जोडून, त्यांच्यामागे मोठा केलेला मारुती, आणि कोपऱ्यात पान, टपाल तिकिटाएवढं. हॉलमध्ये पान काचेच्या चौकटीत भिंतीवर लावलं होतं, वर पितळी टोपीतला छोटा दिवा. तो दिवा बघून माझ्या मनात जे आलं ते मी सभ्य भाषेत लिहू शकत नाही. सुंदर दिसत होतं. आमच्या घरी पाटावर ते कधी इतकं सुंदर दिसलं नव्हतं. मला वाटलं होतं की एवढ्या थाटात ते ओशाळवाणं दिसेल. तेवढंही समाधान मिळालं नाही.

प्रमुख पाहुण्यांचा चादर देऊन सत्कार झाला. सोलापूरच्या माणसाला सोलापुरात सोलापुरी चादर देताना दोघांच्याही चेहऱ्यावर जो भाव असतो तो होता. मग अभ्यासक बाई बोलल्या. बाई चांगल्या होत्या, हे मला नाइलाजाने लिहावं लागतं. बारीक आवाज, विशेषणं मोजकी. वाचन खरं असलेला माणूस दोन वाक्यांत ओळखू येतो. त्यांनी सांगितलं की पोथीतलं चित्र लोक नुसतं बघत नसत, त्यात भाग घेत, आणि दुष्टांचे चेहरे असे पुसलेले इतरत्रही आढळतात.

पुढच्या रांगेत मंद्रूपची मावशी बसली होती, नव्वदीला टेकलेली. ती शेजारणीला म्हणाली, पण तिला कमी ऐकू येत असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं, “आवो, इतरत्र कशाला, मीबी पुसलंय की. त्या मुसळवालीला लई घासलंय.”

हॉल हसला. मेहुणे हसावं की नाही ते पाहुण्यांकडे बघून ठरवत राहिले. अभ्यासक बाई मात्र खाली उतरून मावशीपाशी गेल्या आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग पुन्हा उभं राहून त्यांनी पाचवीकडे बोट केलं. “इथे मात्र एक विलक्षण गोष्ट आहे,” त्या म्हणाल्या. “ही राक्षसीण भली. तरी हिचाही चेहरा पुसला गेलाय. भक्तीच्या भरात लोकांनी आपलं-परकं पाहिलं नाही. मी यावर लिहिते आहे.”

टाळ्या पडल्या. माझ्या एका अंगठ्याला त्यांनी लोकांची भक्ती केलं होतं.

नंतर मेहुण्यांनी मला माइक दिला. “आमच्या थोरल्या मेव्हणी. मोठ्या वाचक. दोन शब्द.” मी उभी राहिले. तिथेच सांगावं असं वाटलं. सांगितलं असतं तर फ्लेक्स, दिवा, बाईंचा लेख आणि माझी बहीण हे सगळं एकाच वाक्यात खाली आलं असतं, आणि ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. बहीण दाराशी उभी होती, हातात शेंगाचटणीच्या पुड्यांचा ट्रे, पाहुण्यांना निघताना द्यायच्या. ती माझ्याकडे बघत होती. शाळेत मी भाषणाला उभी राहिले की बघायची तशी, ओठ हलवत, जणू मी विसरले तर ती पुढचं सांगणार. मी म्हणाले की पान जपल्याबद्दल बहिणीचे आभार. आणि खाली बसले.

जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. मावशी कोपऱ्यात खुर्चीवर बसून दुसऱ्यांदा दहीभात खात होती. बहीण कपबशा पुसत होती आणि मी त्या रचत होते.

“पाचवीचा चेहरा मी पुसलाय,” मी म्हटलं.

“कुणाचा?”

“पानावरची पाचवी. भली. लोकांची भक्ती वगैरे काही नाही. मी पुसला. नळाला पाणी आलं होतं तेव्हा.”

तिचा हात थांबला. “का गं?”

“तुझ्यासारखी दिसायची म्हणून.”

ती कपबशी खाली ठेवून हसायला लागली. मला राग आला. मी इतकी वर्षं जपून ठेवलेली गोष्ट होती ती.

“अक्का, ती माझ्यासारखी कुठे होती? ती तुझ्यासारखी होती.”

“काहीतरीच.”

“अगं, अण्णा मला मांडीवर घेऊन सांगायचे. ही बघ आपली अक्का. बाकीच्या भाले घेऊन उभ्या आणि ही बसून समजूत घालतेय. तू रडलीस की अक्का घालते तशी. हनुवटी बघ, म्हणायचे.”

“‘आपल्याकडची’ म्हणायचे. मी ऐकलंय.”

“तुला लांबून ऐकू यायचं. मी मांडीवर होते.”

मांडीवर ती होती हे तर माझंच म्हणणं होतं.

“मला किती वाईट वाटायचं तेव्हा,” ती पुढे म्हणाली, परत कपबशी उचलून. “मला वाटायचं, अक्का ती भली, मग मी कोण? मुसळवाली?”

“मावशी,” मी वळून मोठ्याने विचारलं, “त्या पाचवीचं तोंड कुणासारखं होतं? आठवतं का?”

मावशीने घास गिळला. “मला तर नुसता मारुती आठवतोय बाई. आन् ती मुसळवाली. माज्या सासूवानी हुती.”

म्हणजे तीन साक्षीदार, आणि पुरावा मी थुंकीने पुसलेला. बहीण म्हणाली, “अण्णांनी त्या पानाची नक्षी उतरवली होती की. कागदावर. रविवारी बसायचे. मालकाने विणू दिलं नाही, राक्षसिणी भिंतीला कोण लावणार म्हणून. तुझ्या ट्रंकेत असेल.”

ती ट्रंक पंचवीस वर्षं माझ्याकडे आहे. पुस्तकं मी त्याच आठवड्यात काढून घेतली होती, वह्या चाळल्या होत्या. गुंडाळ्या उघडल्या नव्हत्या. चादरीच्या नक्ष्या काय बघायच्या, असं वाटलं होतं. बहिणीला पैठण्यांवरून जे बोलायचे ते त्या क्षणी मला गिळावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे आली, रिक्षाने, गाडी मेहुण्यांनी नेली होती म्हणून. आम्ही ट्रंक पलंगाखालून ओढली. अकरावी की बारावी गुंडाळी. जमिनीवर पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली. झाड होतं, सीता होती, खारीएवढा मारुती पाच-सहा घरांत कसाबसा बसवला होता. चौघींच्या तोंडांच्या जागी अण्णांनी मातकट रंगाची घरं भरली होती, जशी पानावर होती तशीच. पाचवीला मात्र चेहरा होता.

आम्ही दोघी गुडघ्यांवर वाकलो. आडवी सात घरं, उभी नऊ. गुलाबी. दोन काळी घरं म्हणजे डोळे, एक लाल घर म्हणजे कुंकू, खाली एक तपकिरी आडवी रेघ. हनुवटीला दोन घरं.

“तूच आहेस,” बहीण म्हणाली, पण आवाजात दम नव्हता.

“ही कोणीही असेल. ही पोस्टातली बाई असेल.”

मग तिनेच कडेचं पेन्सिलीचं लिखाण पाहिलं. अण्णा समासात रंगांचे आकडे लिहायचे, त्यांत एक बाण पाचवीकडे गेला होता आणि बाणाच्या शेपटाशी त्यांच्या बारीक अक्षरात होतं: ‘मूळ चेहरा पुसला गेला. आठवून भरला.’ कुणी पुसला ते लिहिलं नव्हतं. हवेचाही उल्लेख नव्हता.

बहिणीने माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिने चांगलं केलं. तिने पदराने डोळे टिपले आणि ती म्हणाली, “अक्का, हा मला दे ना. पान पुण्याला गेलं की भिंत रिकामी होईल. दिवा आहेच तिथे.”

मी पुस्तकं उचलली. कागद आपसूक गुंडाळला गेला, इतकी वर्षं त्याला तीच सवय होती.

“नाही,” मी म्हटलं.

“अगं, पण तू उघडून बघितलासुद्धा नव्हतास.”

“तू बघितलं होतंस पान, वीस वर्षांत?”

माझ्याकडे काहीतरी होतं आणि ते तिला हवं होतं. आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं असावं. मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज थोडी उशिरा आली. मी चहा टाकला. चहा पिताना म्हटलं, “रंगीत झेरॉक्स काढून देते. मोठी.”

नव्या पेठेत जाऊन मी तेवढी काढून दिली. तिने ती चौकटीत घालून पानाच्या जागी लावली आहे. गेल्या महिन्यात गेले तेव्हा बघितली. काच, पितळी टोपीचा दिवा, बाजूला नीट छापलेली चिठ्ठी, त्यात अण्णांचा ‘कलावंत’ असा उल्लेख. पाहुणे समोर थांबतात, वाकून ती सात गुणिले नऊ घरं बघतात, आणि कोण कुणासारखं दिसतं यावर बोलतात. माझ्याकडे असलेला खरा कागद ट्रंकेत आहे, पलंगाखाली. तो माझ्याकडे आहे, तरी तिच्या भिंतीवरची झेरॉक्स जास्त चांगली दिसते.